सात महिन्यांची नोकरी आणि नऊ महिन्यांची अट

रुग्ण पुरुष, पहिल्या भेटीच्या वेळी वय २३. आयटीआय फिटर, त्यानंतर एक वर्षाची अप्रेंटिसशिप. मूळ गाव बीड जिल्ह्यात. घरी दोन एकर कोरडवाहू, आई-वडील अधूनमधून उचल घेऊन ऊसतोडीला जाणारे. राहायला चाकणजवळ मेदनकरवाडीत, सहा जणांच्या खोलीत. तक्रार: छातीत जळजळ, डोकं जड, झोप लागत नाही.

या वर्णनाची मुलं चाकण, महाळुंगे, खराबवाडी, निघोजे या पट्ट्यातल्या कुठल्याही दवाखान्यात रोज संध्याकाळी बाकावर बसलेली दिसतील. माझ्याही दिसतात. हे प्रकरण अशा दोन-तीन मुलांच्या कागदांतून आणि बोलण्यातून एकत्र विणलं आहे, म्हणजे कोणाची ओळख उघड होणार नाही. तारखा मात्र मुद्दाम नेमक्या ठेवल्या आहेत, कारण या आजारात तारखांनाच महत्त्व आहे.

तपासणीत पहिल्यांदा फारसं काही निघालं नाही. पोट मऊ, नाडी थोडी जलद, रक्तदाब १३२/८६. अशा मुलाला पॅन्टोप्राझोल ही पित्ताची गोळी लिहून द्यायची, तिखट कमी खा म्हणायचं आणि पुढच्या पेशंटला आत घ्यायचं, हा नेहमीचा रस्ता. तो उठता उठता म्हणाला, "सर, फिट सर्टिफिकेट पण द्या. काल दांडी झाली, उद्या गेटवर मागतील." आजारी असल्याचा दाखला मागणारा पेशंट डॉक्टरला परका नाही. बरा असल्याचा दाखला मागणारा, तोही अजून बरा नसताना, या पट्ट्यात रोज भेटतो.

तीन नोकऱ्या

पहिली नोकरी १० जून २०२२ ला लागली. कंपनी मोटारींचे सुटे भाग करणारी, पण पत्र ठेकेदाराचं. लाईन तीच, टार्गेट तेच, शेजारी उभ्या असलेल्या परमनंट माणसाचा पगार दुपटीहून जास्त. १० जानेवारी २०२३ ला ठेकेदाराच्या माणसाने ब्रेक दिला, म्हणजे कामावरून थांबवलं. तीन महिने काम नव्हतं.

दुसरी एप्रिल ते ऑक्टोबर २०२३. या वेळी 'ट्रेनी' म्हणून. आयटीआय झालेला, अप्रेंटिसशिप केलेला, सात महिने लाईन चालवलेला मुलगा कागदावर पुन्हा शिकाऊ झाला. पगाराच्या जागी स्टायपेंड आला आणि त्याबरोबर पीएफ गेला, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) गेलं.

तिसरी १५ जानेवारी २०२४ ला, पुन्हा ठेक्यावर. ऑगस्टमध्ये संपली.

तिन्ही वेळा सात महिनेच का, हे चाकणमध्ये कोणालाही विचारा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्याला सलग सेवेचा दर्जा दिला होता. मग त्याला नुसतं 'उद्यापासून येऊ नको' म्हणून काढता येत नव्हतं. नोटीस आणि भरपाई द्यावी लागे. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींच्या सरकारी नमुन्यात, तर २४० दिवस भरलेल्या हंगामी कामगाराला कायम करण्याची तरतूद होती. आठ महिन्यांत २४० दिवस होतात, म्हणून नोकरी सात महिन्यांची. असं वर्षानुवर्षं हंगामी ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा आहे, असं आपल्या राज्याच्या १९७१ च्या कायद्यात लिहिलेलं आहे. पण ठेक्यावरच्या मुलाने तक्रार करायची म्हटली, तर आपण नक्की कोणाचे कामगार हेच त्याला आधी सिद्ध करावं लागतं. आणि ते सिद्ध होईपर्यंत पुढच्या गेटवर त्याला कोण घेणार?

देशातल्या संघटित कारखान्यांत आज दर दहा कामगारांमागे चार कंत्राटी आहेत, असं सरकारची उद्योगांची वार्षिक पाहणी सांगते. म्हणजे मी इथे एखाद्या अपवादाची गोष्ट सांगत नाही.

केसपेपर आणि कंत्राट

त्याचा केसपेपर आणि त्याची पत्रं एकदा शेजारी शेजारी ठेवली. पहिली भेट ऑक्टोबर २०२२, म्हणजे पहिल्या नोकरीचा पाचवा महिना. नंतर डिसेंबर, सातवा महिना. पुढे एप्रिल ते ऑगस्ट २०२३ एकही भेट नाही. सप्टेंबरमध्ये पुन्हा, दुसऱ्या नोकरीच्या सहाव्या महिन्यात, आणि त्या वेळी रक्तदाब १४८/९६. मग मे २०२४, तिसऱ्या नोकरीचा पाचवा महिना. त्या भेटीबद्दल पुढे येईलच.

नोकरी लागल्यावर पहिले तीन-चार महिने तो ठणठणीत असे. तेव्हाही पाळी दर आठवड्याला बदलत होती, मेसचं जेवण तेच होतं, खोलीत दोघांमध्ये एकच गादी होती: एक सेकंडवरून आला की दुसरा फर्स्टला निघायचा. हे सगळं तब्येतीला वाईटच. पण आजार उफाळायचा तो शेवट दिसू लागल्यावर. ब्रेक झाल्यावर गावाकडे पहिले काही दिवस तो खूप झोपायचा, जळजळ थांबायची. पंधरा दिवसांनी वडील विचारायला लागायचे, "मग, परत कधी बोलावलंय?" आणि झोप पुन्हा उडायची.

एका माणसाच्या केसपेपरवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण हाच नमुना फार दूर, फार वेगळ्या लोकांत मोजला गेला आहे. लंडनच्या सरकारी नोकरांवरचा प्रसिद्ध व्हाइटहॉल अभ्यास चालू असताना त्यांच्यातल्या एका विभागाचं खासगीकरण करायचं ठरलं. जेन फेरी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार त्या विभागातल्या माणसांची तब्येत इतर विभागांच्या तुलनेत ढासळली, आणि ती ढासळायला लागली बदल प्रत्यक्ष होण्याच्या आधी, नुसती चाहूल लागल्यावर. ते सगळे पेन्शनीच्या नोकरीतले लोक होते. ज्याला पहिल्या दिवशीच शेवटची तारीख माहीत असते, त्याच्या शरीराने काय करावं?

जर्मन समाजशास्त्रज्ञ योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये मांडलेली कल्पना मला इथे उपयोगी वाटते. माणूस कामात जेवढं ओततो त्या बदल्यात त्याला पैसा, मान आणि नोकरीची शाश्वती मिळायला हवी. हे गणित बिघडलेलं राहिलं की हृदयाला धोका वाढतो. सुपरवायझरच्या नजरेत भरावं, यादीत नाव राहावं, म्हणून हा मुलगा शेवटच्या दोन महिन्यांत ओटीला, म्हणजे जादा तासांच्या कामाला, कधी नाही म्हणत नसे. सलग सोळा तास उभा राहायचा. नाईटला डोळे मिटू नयेत म्हणून तंबाखू मळायला लागला. आधी त्याला सुपारीचंही व्यसन नव्हतं. म्हणजे शाश्वती सगळ्यात कमी असते तेव्हाच मेहनत सगळ्यात जास्त. आणि तरी ब्रेक ठरलेल्या तारखेलाच.

टायफॉइड

डिसेंबर २०२२. चार दिवस ताप अंगावर काढून आला. "सर, सलाईन लावा, सेकंडला जायचंय." ताप १०३. तपासण्या केल्या, टायफॉइड निघाला. औषध लिहून दोन आठवडे विश्रांती सांगितली. तो सहाव्या दिवशी लाईनवर होता. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ताप उलटला.

मी चिडलो होतो. पण त्याचा हिशेब त्याने बोटांवर मोजून दाखवला. ठेक्यावर रजेचा पगार नाही. महिन्यात दोन दांड्या झाल्या की हजेरीचा भत्ताही जातो. आणि जास्त दिवस गैरहजर राहिलं तर सात महिन्यांआधीच गेट बंद. खोलीभाडं, मेस आणि गावाकडचे पाच हजार यात काही चुकवता येत नाही.

मी म्हटलं, "अरे, तुझं ईएसआय कापलं जातंय ना? मग आजारपणाचे पैसे मिळतील." तेव्हा मलाही वाटत होतं की कापलं जातंय म्हणजे मिळत असणार. नियम काढून बसलो.

कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांचे ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. डॉक्टर आणि औषध पहिल्या दिवसापासून मिळतं, ही या योजनेची फार मोलाची बाजू आहे. आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. पण या रोख रकमेसाठी कॅलेंडरची अट आहे. एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल तर लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये. ऑक्टोबर ते मार्चची वर्गणी असेल तर जुलै ते डिसेंबरमध्ये. आणि जो आयुष्यात पहिल्यांदाच या योजनेत येतो, त्याचा लाभाचा काळ नोकरी लागल्यापासून नऊ महिन्यांनी सुरू होतो.

१० जून २०२२ अधिक नऊ महिने म्हणजे १० मार्च २०२३. टायफॉइड डिसेंबरचा, ब्रेक १० जानेवारीचा. त्याचा लाभाचा काळ उघडला तेव्हा तो गावी शेताच्या बांधावर बसलेला होता.

ही अट कोणी वाईट हेतूने घातली असं मी म्हणत नाही. १९४८ चा कायदा. कामगार एकदा गिरणीत लागला की वर्षानुवर्षं तिथेच राहणार, त्याच्यासाठी पहिले नऊ महिने ही छोटीशी बाब होती. आज सात महिन्यांची नोकरीच रूढ झाल्यावर तीच अट अशा मुलाला पहिल्या नोकरीत आजारपणाच्या पैशांपासून दूर ठेवते. अशा अटींची यादी इथेच संपत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यात ठरावीक मुदतीच्या कामगाराला पाच वर्षांऐवजी एका वर्षावर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला, हे चांगलं झालं. पण एक वर्ष झालं तर.

इथे मुलींबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्या माझ्याकडे कमी येतात आणि म्हणून अशा लेखांतही कमी येतात. रांजणगाव आणि चाकणच्या असेंब्ली लाईनवर त्यांची संख्या मोठी आहे. ईएसआयमधून २६ आठवड्यांची बाळंतपणाची पगारी रजा मिळायला आधीच्या दोन सहामाहींत मिळून ७० दिवसांची वर्गणी लागते. ब्रेक कधी येतो यावर दिवस राहू द्यायचे की नाही हे ठरवणारी जोडपी मी पाहिली आहेत.

"मुलगा परमनंट आहे का?"

दुसऱ्या नोकरीत त्याचं वजन सहा किलोने उतरलं. क्षयरोगाची शंका म्हणून एक्स-रे, थुंकीची तपासणी झाली. काही निघालं नाही. त्याच काळात घरच्यांनी मुली बघायला घेतल्या होत्या. बायोडेटात 'चाकण एमआयडीसीत नोकरी' एवढंच लिहिलं होतं. एका ठिकाणी मुलीच्या मामांनी चहा यायच्या आधीच विचारलं, मुलगा परमनंट आहे का. त्याने खरं सांगितलं. चहा आला, पण बोलणी तिथेच संपली. अशी तीन स्थळं गेली.

हे त्याने मला सांगितलं तेव्हा तो पोटदुखीसाठी आला होता. मी विचारलं नसतं तर पोटदुखीवरच औषध घेऊन गेला असता. नोकरी तात्पुरती असली की पुढचं सगळंच तात्पुरतं होतं: खोली भाड्याने घेताना, बँकेत कर्ज मागताना, लग्नाच्या बैठकीत. ठेकेदाराच्या पत्रावर बँक दारात उभं करत नाही, म्हणून ब्रेकमध्ये त्याने मोबाइलवरच्या ॲपवरून कर्ज काढलं. वसुलीचे फोन त्याच्या मोबाइलमधल्या नातेवाइकांच्या नंबरांवर गेले. बहिणीच्या सासरी फोन गेल्यावर त्याने गावी जाणंच बंद केलं.

मे २०२४

रात्री दहाच्या सुमारास खोलीतल्या दोघांनी त्याला बाईकवर मधे बसवून आणलं. छाती आवळली, हातापायाला मुंग्या, घाम, "मी चाललो" असं सारखं म्हणत होता. ईसीजी स्वच्छ. ऑक्सिजन ९९. रक्तदाब १५६/९८, अर्ध्या तासाने १४०/९०. हा भीतीचा तीव्र झटका होता. त्या दुपारी लाईनवर बोलवा झाला होता की मॉडेल बंद होतंय, या वेळी ब्रेकची यादी जूनमध्येच लागणार.

दोन दिवसांनी शांतपणे बसून त्याची नैराश्याची प्रश्नावली भरून घेतली. पीएचक्यू-९ मध्ये २७ पैकी १७. नववा प्रश्न जिवाबद्दलचा असतो. तो मी कधीही गाळत नाही आणि दुसऱ्या कोणी गाळू नये; विचारल्याने मनात नसलेला विचार येत नाही, असलेला बाहेर येतो. तो म्हणाला, "जीव द्यायचं नाही मनात सर. पण सकाळी उठलोच नाही तर बरं, असं वाटतं." बेत नव्हता, साधन जवळ नव्हतं. खोलीतल्या एका मित्राला त्याच्या परवानगीने विश्वासात घेतलं, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दोघांच्याही मोबाइलमध्ये घातला, आणि औंधच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी एस्सिटालोप्रॅम हे नैराश्यावरचं औषध सुरू केलं.

विश्रांतीची गरज उघड होती. पुन्हा ईएसआयचा हिशेब केला. मे २०२४ मधल्या आजारासाठी एप्रिल ते सप्टेंबर २०२३ ची वर्गणी बघतात. त्या काळात तो 'ट्रेनी' होता, वर्गणी शून्य. मग जुलैपर्यंत तग धरला तर? जुलैसाठी ऑक्टोबर २०२३ ते मार्च २०२४ बघतात. तो १५ जानेवारीला लागला. ३१ मार्चपर्यंत सगळे रविवार, सगळ्या सुट्ट्या धरल्या तरी दिवस ७७ होतात. लागतात ७८.

त्याला हे सांगताना माझा आवाज चढला होता. तो मात्र नुसता हसला आणि म्हणाला, "आमचं असंच असतंय सर."

मदत झाली ती एका माणसामुळे. त्याच्या लाईनचा सुपरवायझर, नगरकडचा, स्वतः वीस वर्षांचा परमनंट. त्याने कुठलाही कागद न करता दोन महिने त्याला फक्त फर्स्टला ठेवलं आणि ओटीला नाव लिहिलं नाही. औषधाइतकाच या पाळीचा गुण आला, असं माझं स्पष्ट मत आहे. सहा आठवड्यांनी प्रश्नावलीतले गुण १७ वरून ९ वर आले, तंबाखू निम्म्यावर. अशी सोय सुपरवायझरच्या चांगुलपणावर का अवलंबून असावी, हा प्रश्न त्या कंपनीच्या डॉक्टरांना मी पत्राने विचारला. उत्तर आलेलं नाही.

दुसरी गोष्ट कागदांची. त्याचा पहिल्या ठेकेदाराकडचा पीएफ पडून होता आणि त्याला ते माहीतच नव्हतं. यूएएन, म्हणजे पीएफचा खाते क्रमांक, शोधला तर नावात घोळ: आधारवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, ठेकेदाराने नुसतं नाव-आडनाव टाकलेलं, तेही आडनावात एक अक्षर चुकवून. दुरुस्तीच्या अर्जावर त्या ठेकेदाराची सही लागणार होती. ओळखीच्या एका कामगार कार्यकर्त्याने तीन फेऱ्या मारून ती मिळवली. सुमारे तेरा हजार रुपये हातात आले आणि ॲपचं कर्ज त्याच दिवशी फिटलं. वसुलीचे फोन थांबल्यावर पहिल्यांदा तो सलग सात तास झोपला. नैराश्याच्या उपचारात पीएफची दुरुस्ती मोडते असं कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही, पण मी आता ती धरतो.

नंतर

ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रेक झाला. या वेळी तो महिनाभर आधीपासून औषधावर आणि संपर्कात होता. झोप बिघडली, पण झटका आला नाही. दोन ठेकेदारांचे फोन आले होते. त्याने दोन्ही नाकारले आणि ४ नोव्हेंबरला भोसरीच्या एका पंधरा-सोळा माणसांच्या वर्कशॉपमध्ये मेंटेनन्स फिटर म्हणून लागला. पगार आधीपेक्षा दोन हजारांनी कमी. नाईट नाही, ब्रेक नाही. आईला हा निर्णय पटलेला नाही. मोठी कंपनी सोडून गाळ्यात गेला, आता तर मुलगी मिळणारच नाही, असं ती फोनवर म्हणते. त्याचं दुःख त्याला आहे.

वर्कशॉपमध्ये वीस माणसं नाहीत, म्हणून पीएफ लागू नाही. नेमणूकपत्र अजून मिळालेलं नाही; मालक म्हणतो, देऊ. मी प्रत्येक भेटीत त्याला विचारतो आणि तोही आता मालकाला विचारायला लागला आहे. पण दहाच्या वर माणसं असल्यामुळे ईएसआय आहे, आणि मालक वर्गणी वेळेवर भरतो, हे आम्ही दोघांनी मोबाइलवर तपासून पाहिलं. तिसऱ्या नोकरीतले एप्रिल ते ऑगस्टचे दिवस ७८ च्या वर होते, आणि इथले नोव्हेंबर ते मार्चचे दिवसही ७८ च्या खूप वर गेले. रक्तदाब १२४/८०, औषध मानसोपचार तज्ज्ञांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करत बंद झालं.

पहिली कपात जून २०२२ च्या पगारातून झाली होती. हातात ईएसआय कापणारी नोकरी असताना आजारी पडला तर पगाराचे ७० टक्के मिळतील, ही स्थिती त्याच्या वाट्याला पहिल्यांदा आली ती १ जानेवारी २०२५ पासून.